सावधान म्हटल्यानंतर

सोमवार, ४ मे

पोचलो. सुखरूप आणि चक्क वेळेवर. संपादकांना फोन करून कळवलं, तर मीच बोलतोय ना याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

ही सैनिकी प्रबोधिनी म्हणजे सरळ रेषेचं माहेरघर. रस्त्याकडेचे दगड चुन्याने रंगवलेले, झाडांची खोडं कमरेपर्यंत पांढरी. पानं का सोडली, असं माळ्याला विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला की वरून हुकूम नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझी बॅग उपसली, पोटाच्या चूर्णाची बाटली उन्हात धरली आणि तिच्यावरचा मजकूर खणखणीत आवाजात वाचला. माझ्या आतड्यांची अवस्था हे आता इथलं लष्करी गुपित राहिलेलं नाही.

इथल्या छात्रांना सुट्टी लागली आहे. त्यांच्या रिकाम्या बराकींत शाळकरी मुलामुलींचं उन्हाळी विज्ञान शिबिर भरलं आहे, आणि त्याची वार्तापत्रं मी पाठवायची. संपादकांना उद्याचे शास्त्रज्ञ हवेत. मला आजचे भेटले. पाण्याच्या बाटलीचा अग्निबाण करून त्यांनी तो जेवणघराच्या छतात रुतवला होता आणि तो काढावा कसा यावर शास्त्रार्थ चालला होता. शेवटी एका ताडमाड पोराला खुर्चीवर चढवलं. त्याला सगळे शिडी म्हणतात; तोही ओ देतो.

याच कळपात माझी भाची आहे. बहिणीचं एकुलतं एक, आणि माझंही, कारण माझ्या घरी पुस्तकं सोडली तर कुणी नाही. निघताना बहिणीने बजावलं होतं की पोरीवर लक्ष ठेव, पण तिला कळू देऊ नकोस. पोरीने मला पाहताच सगळ्यांदेखत विचारलं की मामा, आईने तुला हेर म्हणून पाठवलंय की दाई म्हणून? आवाज असा की छतातला अग्निबाण आपसूक खाली यावा. घरात आम्ही तिला टिटवी म्हणतो. संध्याकाळपर्यंत शिबिरातही तेच नाव रूढ झालं होतं. ते मी फोडलं नाही असं तिला शपथेवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या ताटातला पापुद्रा सुटलेला पाव उचलून नेला. दंड म्हणून.

मंगळवार, ५ मे

इथला नियम असा की पाहुणा असो वा शास्त्रज्ञ, सकाळी कवायत. भौतिकशास्त्राच्या बाईसुद्धा ओढणीला गाठ मारून रांगेत उभ्या राहिल्या. मी दुखरा गुडघा पुढे केला. कवायत शिकवणारे उस्ताद, साठीचे, वाळक्या चिंचेसारखे, त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि सावलीतली खुर्ची दाखवली. सबंध मैदानात एकटा मीच नागरिक उरलो.

उस्तादांची जीभ म्हणजे तासणी. शिडीला म्हणाले की तू उभा आहेस की वाळत घातला आहेस? टिटवीला म्हणाले की एवढा आवाज घरी पुरत नसेल म्हणून इकडे पाठवली वाटतं. ती जोरात हो म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा ते हसले, आणि लगेच ओशाळले.

गुरुवार, ७ मे

आज ध्वनीचा प्रयोग. मैदानाच्या टोकाला कवायतीची जुनी बंदिस्त शेड आहे, लांबलचक, पत्र्याच्या छपराची, अनेक वर्षं वापरात नसलेली. प्रतिध्वनी मोजायला याहून चांगली जागा नाही, म्हणून बाईंनी कार्यालयातून किल्ली आणली. आत पाऊल टाकलं की भट्टीच.

एका टोकाला आवाज करायचा, दुसऱ्या टोकाला ध्वनिग्राहक, आणि पडद्यावर आलेख. आवाज टणक हवा, एकदम सुरू होणारा. टाळी पोचेना. शिडीने फुगा फोडला, तोही फुसका. मग टिटवीने कवायतीतला हुकूम दिला, सावधान! मी दचकून पोट आत घेतलं. बाईंना आलेख पसंत पडला. दुपारभर ती तेच ओरडत राहिली.

पडद्यावर दोन उंचवटे यायला हवेत, एक तिच्या आवाजाचा, दुसरा प्रतिध्वनीचा. तिसराही यायला लागला. आधी बारीक, मग हुकुमागणिक वाढत गेलेला. ध्वनिमुद्रण लावून ऐकलं, तर बुटांच्या टाचा एकदम जुळाव्यात तसा आवाज. बाई म्हणाल्या की पत्रा तापून प्रसरण पावतो. मुलांनी तसं वहीत लिहून घेतलं.

पत्रा तापून कुरकुरतो, हे मलाही मान्य. पण तो हुकमाची वाट पाहून का कुरकुरतो?

शुक्रवार, ८ मे

उस्तादांना प्रयोगाचं आज कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मीच त्यांना खुर्ची दिली. त्यांनी टिटवीला एकच विचारलं की सावधान म्हणालीस, मग विसर्जन म्हणालीस का? ती म्हणाली की नाही, तो शब्द मऊ सुरू होतो, आलेखात नीट येत नाही.

नंतर चहा घेताना त्यांनी मला सांगितलं. इथली शिस्त अशी की ज्याने सावधान केलं त्यानेच विसर्जन म्हणून सोडायचं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर रांग हलत नाही. ते स्वतः इथे छात्र होते तेव्हा एका अधिकाऱ्याने ऐन उन्हाळ्यात त्यांच्या तुकडीला शिक्षा म्हणून त्या शेडमध्ये सावधान उभं केलं, बाहेरून कडी घातली आणि तो जेवायला गेला. तिथेच त्याला झटका आला. उपचार झाले, धावपळ झाली, आणि त्या गडबडीत शेड कुणाच्या लक्षात राहिली नाही. पोरं टिटवीच्या वयाची. उस्ताद सर्वांत आधी कोसळले ते दारापाशी, फटीतून वारा लागला म्हणून वाचले. बाकीची मात्र गुणी होती. हुकूम मोडला नाही.

मी संस्कृतात वाढलेला माणूस. गुरूंची आज्ञा अविचारणीय, हे घोकून घोकून जिभेला वळण पडलेलं. आज ते वाक्य तोंडात कडू लागलं.

उस्तादांचं म्हणणं एवढंच की पोरीने त्यांना पुन्हा उभं केलं आहे, तर पोरीनेच सोडावं. मी म्हटलं की ही भाबडी समजूत आहे. ते म्हणाले की असू दे. तिचा एक शब्द जाईल, तुमचं काय जातंय?

शनिवार, ९ मे

गेलो. टिटवी, शिडी, उस्ताद आणि मी. बाईंनी हसण्यावारी नेलं. गोष्ट ऐकून टिटवी मात्र हसली नव्हती. बिचारे, एवढंच म्हणाली होती. शेडच्या मधोमध उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. विसर्जन.

आधी शांतता. मग असंख्य पावलं एकदम विस्कटल्याचा आवाज, आणि आमच्या दोन्ही अंगांनी दाराकडे गेलेला गरम वारा. शिडीने माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. उस्ताद डोळे पुसत होते.

बाहेर आल्यावर आम्ही सगळे वेड्यासारखे हसत सुटलो. टिटवी म्हणाली की मामा, हे छापू नकोस, तुझी नोकरी जाईल. चांगलं काम झालं आज. खरंच.

रविवार, १० मे

विसर्जन झालं की तुकडी कुठे जाते? बराकीत. आपापल्या खाटेवर. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी विश्रांतीला मुलं बराकीत गेली, तर सगळ्या खाटांवरच्या चादरी ताणून घातलेल्या, कोपरे दुमडलेले. आणि प्रत्येक खाटेला मधोमध खोलगा. कुणी निजावं तसा. शिडी आपल्या खाटेवर बसायला गेला आणि चटका बसल्यासारखा उठला. आधीच कुणीतरी आहे, म्हणाला. आजारी आहे कुणीतरी, खूप तापलंय.

मुलं व्हरांड्यात बसून राहिली. नेहमीचा कलकलाट नाही. टिटवीशी बोलायला गेलो, तर ती उठून उभी राहिली. माझ्यासाठी ही कार्टी आजवर कधी उठली नव्हती. बस म्हटलं. बसली. पाठ ताठ.

सोमवार, ११ मे

बाईंचं हसणं संपलं. शिबिर बंद करायचं ठरलं. मुलांना न्यायला बस उद्या संध्याकाळी येणार. बहिणीला फोन केला, उद्या आणतो तुझी लेक, म्हटलं. कारण सांगवलं नाही. ती म्हणाली की तुझा आवाज असा का येतोय?

मुलं जेवत नाहीत. समोर ताट, हात मांडीला चिकटलेले. विचारलं तर उत्तर एकच, हुकूम नाही.

टिटवीला चिडवून पाहिलं. लहानपणीची एकूण एक बिंगं सगळ्यांसमोर फोडली. एक ना दोन. डोळे नाकासमोर. पण त्यांत पाणी होतं. म्हणजे ती आत आहे. ऐकते आहे.

मंगळवार, १२ मे

व्हरांडा रिकामा. सगळी शेडमध्ये. रांगेत. टिटवी पुढच्या ओळीत, शिडी तिच्या मागे. हालत नाहीत, पाणी घेत नाहीत. पत्रा आत्ताच हात लावू देत नाही, आणि ऊन अजून चढायचं आहे.

शिडीला उस्तादांनी आणि मी उचलून बाहेर झाडाखाली ठेवलं. उठला, आत गेला, आपल्या जागी उभा राहिला.

बाई डॉक्टरांना आणायला गाडी घेऊन गेल्या. दवाखान्यात फोन कुणी उचलत नाही.

उस्ताद म्हणतात, चूक त्यांची. पोरीने फक्त स्वतःचा हुकूम मागे घेतला. त्या अधिकाऱ्याचा तसाच राहिला, शेडमध्ये. त्याला रांग लागते. ती पोरं आपल्या खाटांवर गेली, त्यांच्या जागी आमची —

हुकूम तोच. माणसं बदलली.

नंतर

उस्तादांनी ओरडून ओरडून विसर्जन दिलं. काही नाही. म्हणाले, मी त्याच रांगेतला, माझं कोण ऐकणार. जुन्या हुकमावर नवा हुकूम चढतो. पण देणारा इथे कधी रांगेत उभा न राहिलेला हवा. बाई राहिल्या होत्या. मुलं राहिली होती.

खुर्चीत बसलेला मी एकटा.

आधी सावधान. मग लगेच विसर्जन. दोनच शब्द. आयुष्यभर शब्दांवरच तर जगलो.

जातो.

नंतर, गाडीत

लिहिलंच पाहिजे, बोलता येत नाही —

सावधान म्हटलं मी. पोटातून, होती नव्हती ती ताकद लावून. टाचा जुळल्या. सगळ्यांच्या. टिटवीचे डोळे नाकासमोरून हलले आणि माझ्याकडे वळले. माझ्याकडे! मामाकडे! पकड सुटली होती. आता माझीच —

दुसरा शब्द काढायला तोंड उघडलं. आत नुसती आग गेली. घसा मिटला, छप्पर फिरलं. एवढंच आठवतं.

शुद्ध आली ती रुग्णवाहिकेत. बाई डॉक्टरांना घेऊन पोचल्या, तर मी जमिनीवर. उभी आहेत ती थांबू शकतात, पडलेला आधी न्या, असं डॉक्टर म्हणाले. शहाणा माणूस. ते तिथेच थांबलेत. नाड्या बघताहेत.

मला घेऊन चालले आहेत. मला.

कंपाउंडरला हे पान दाखवलं. परत फिरवा, असं मोठ्या अक्षरात. त्याने वाचलं, माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. उन्हाने होतं असं, म्हणाला. सुई टोचली आहे. आता झोप येईल म्हणतो.

झोप नको. झोप —

त्याचा हुकूम नाही आता तिथे. माझा आहे. ती माझ्यासाठी उभी आहेत. गुणी आहेत, मोडणार नाहीत —

घाटाचं वळण. खाली पत्रा दिसतो. पांढरा. ऊन नुसतं ओतलंय वर

खिडकी उघडली. घशात काहीतरी फुटतंय, बारीक. पोचेल. तिचे कान तिखट आहेत, पोचेल. टिटवे, मामा आहे गं. मामा सांगतोय —

वि