‘हॅरिएट डीन’वरची काकवी

पडुका, केंटकी
३ सप्टेंबर १८६५

प्रिय एसा,

युद्ध संपलं, तशी आमची ‘हॅरिएट डीन’ही मोडीत निघाली. तिच्या नौदलातल्या सेवेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण खलाशांत वाचता येईल असं अक्षर माझंच. सरकारला दिलेला इतिहास अर्ध्या पानाचा आहे. खरा तुला सांगतो.

टेनेसी नदीतून डुकरं वाहणारी ही बोट. तिला पातळ पत्रे ठोकले, चार तोफा चढवल्या आणि झाली युद्धनौका. वास मात्र शेवटपर्यंत डुकरांचाच. कॅप्टन लोथ्रॉप मूळचे दातांचे डॉक्टर. पहिल्याच मोहिमेत त्यांनी आम्हाला वाळूत रुतवलं. सहा दिवस तुमच्या, म्हणजे दक्षिणेच्या, बाजूच्या बायका विणकाम घेऊन काठावर बसायच्या आणि विचारायच्या, “काय हो, आज तरी लढणार का?” सातव्या दिवशी पाणी चढलं. मी लिहिलं, “शत्रूच्या प्रदेशात सहा दिवस ठाण मांडलं.” पुढे मोठ्या तोफेची चाचणी झाली, तर तिच्या धक्क्याने स्वयंपाकघरातली चूल नदीत गेली. आचारी होझिया म्हणाला, “मी शत्रूशी लढायला आलोय, तुमच्याशी नाही,” आणि दोन दिवस सगळ्यांना कच्चे कांदे वाढले.

मग आलं नदीचं सायकमोर वळण. टेकडीवर तुमच्या तोफा होत्या, हे तुला काय सांगायचं. दुर्बिणीतून मी तुला ओळखलं. कमरेवर दोन्ही हात ठेवून, मान वाकडी करून आणखी कोण उभं राहतं? मी कुणाला बोललो नाही. तुमचा एकच गोळा लागला. इतिहासात आहे, “एक जण जखमी, डावा पाय.” तो मी.

आई म्हणते, तुमच्या गोळ्याने मी जखमी झालो असं कळल्यापासून तू टेक्सासात तोंड लपवून बसलायस, तिच्या पत्रांनाही उत्तर देत नाहीस. तर ऐक. तो गोळा कोठारातल्या काकवीच्या पिंपातून आरपार जाऊन नदीत पडला. कुणाला ओरखडाही आला नाही. लढाई संपल्यावर तासाभराने मी पाव घेऊन सांडलेली काकवी पुसून खायला गेलो, घसरलो आणि बॉयलरच्या जिन्यावरून थेट खाली. पाय मोडला तो माझ्या खादाडपणाने. कॅप्टन म्हणाले, “काकवीचं लिहू नकोस रे, नौदलाची अब्रू जाईल.”

पाय शाबूत आहे, जरा लंगडतो एवढंच. चौदा ऑक्टोबरला टॅबिथाशी माझं लग्न आहे. चर्चमध्ये नवरदेवाच्या शेजारी त्याचा भाऊ उभा राहतो. ती जागा मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. ये.

तुझाच धाकटा,
एलायहू