हलणाऱ्या टेबलाची चौथी खुर्ची

तीर्थरूप आत्या हिच्या पायांशी काटकोनात वाकून नमस्कार.

(काटकोन हे नाव मला तूच ठेवलंस, तेव्हा नमस्कारही त्याच मापाचा.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे नक्की कळव. मागच्या पत्रात तू नुसतं 'गुडघा आपला गुडघ्यासारखाच आहे' असं लिहिलं होतंस; त्यावरून कुठलाही डॉक्टर काही ठरवू शकणार नाही. बाबांचा खोकला, आईचं आणि शिलाई मशीनचं भांडण, तुझ्या शेजारणीने तुझ्याशी धरलेला अबोला (अजून टिकून आहे ना? जपून ठेव) या सगळ्याची खबर लिही. मी बरी आहे. जेवते, झोपते. वजन होतं तेवढंच आहे. ते प्रयोगशाळेतल्या काट्यावर केलेलं आहे आणि तो काटा मीच दुरुस्त केलेला आहे, तेव्हा त्यावर वाद नको.

आता मुद्दा. मी निघाले तेव्हा स्टेशनवर आपल्यात काय ठरलं होतं ते पुन्हा लिहिते, म्हणजे मागाहून 'मी असं म्हणालेच नव्हते' हा तुझा नेहमीचा रस्ता बंद होईल. कॉलेजातली ही नोकरी आधी तात्पुरती. मुदत संपली की राहायचं की परतायचं ते मी सांगायचं. मी परतणार याबद्दल बाबांना इतकी खात्री की त्यांनी माझी खोली रंगवायला काढली. (रंग कोणता, हे मला विचारलं नाही.) त्यांचं म्हणणं, ही पोरगी यंत्रांशी बोलते, माणसांशी नाही, परक्या गावात कशी टिकेल? तू मात्र म्हणालीस, "कामाचं मला सांगू नकोस, काम तू विहिरीत सोडली तरी करशील. खोली आणि प्रयोगशाळा सोडून बसायला एक जागा शोध. अशी जागा, की एक दिवस तू गेली नाहीस तर कोणीतरी विचारेल, कुठे गेली ही? सापडली तर तुझ्या बापाशी मी बोलते. नाही सापडली तर मुकाट्याने घरी ये." बाबा जगात फक्त तुझं ऐकतात, आणि तेही तू उभी राहून बोललीस तर. म्हणून हा अहवाल.

वाचनालयाचं मी तुला फोनवर सांगितलं होतं. मला ती जागा फार आवडली होती, कारण तिथे बोलायला मनाई आहे. तू म्हणालीस, "नाही गेलीस तर विचारणार कोण? कपाट?" मुद्दा बरोबर होता. ती जागा मी सोडून दिली.

मग मोठ्या फाटकासमोरचं कॉफीचं दुकान. तिथे सगळे विद्यार्थी. टेबलं एवढीशी, आवाज एवढा मोठा. पहिल्याच दिवशी एका मुलीने "ताई, आमचा एक फोटो काढता का?" म्हणून फोन पुढे केला. मी काढला. मागचा विजेचा खांब सरळ आला, कोणाचं डोकं कापलं गेलं नाही, एवढंच. पण बातमी पसरली. त्यानंतर मी जाऊन बसले रे बसले की चारी बाजूंनी फोन यायचे आणि कॉफी थंड व्हायची. एकदा तर एक आख्खा घोळका माझी वाट पाहत थांबला होता. तुझ्या अटीत ही जागा बसते, हे मी मान्य करते. मी नसले की तिथे माझी चौकशी होत असणार. पण चौकशी लोक कॅमेऱ्याच्या तिपाईचीही करतात. (त्यानंतर मी कॉफी खोलीवरच करायला लागले.)

त्यानंतर तळ्याकाठचं बाक. ते मी का निवडलं याला कारण आहे: तिथे सावली आहे आणि वारा एकाच दिशेने येतो. बाकावर एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती. बाक चौघांचं, आणि त्या दोघांनी मिळून दीड माणसाचीही जागा व्यापलेली नव्हती. मी दुसऱ्या टोकाला बसून वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "ताई, कोणाची वाट बघताय का?" मी म्हटलं, नाही. मुलगी म्हणाली, "मग?" वर्तमानपत्राची घडी घातली आणि मी उठले. (यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. त्या विषयाला या पत्रात जागा नाही.)

शेवटी मागच्या फाटकासमोरचं चहाचं दुकान. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, मध्ये हे. मालकीण धिप्पाड, ती चहा आत करते आणि गप्पा रस्त्याशी मारते. खिडकीपाशी एक टेबल आहे, तिथे रोज संध्याकाळी तिघं बसतात. एक सर, कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे. एक टेलरकाका. आणि एक पोस्टबाई. त्यांनी जन्मभर पोस्टाची खिडकी सांभाळली आणि अजूनही त्या समोरच्याकडे, याने तिकीट कमी लावलंय, अशा नजरेने बघतात. दुकानात रिकामी खुर्ची एकच होती, त्या टेबलाची चौथी. मी 'बसू का?' विचारलं, 'बसा की' म्हणाले, आणि आपल्या भांडणाला लागले. भांडण कशावर? स्टेशन पुलावरून जवळ की बाजारातून. सर पुलाचे, टेलरकाका बाजाराचे, पोस्टबाई ज्या दिवशी जो हरत असेल त्याच्या. मला कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

फक्त ते टेबल हलायचं. एक पाय आखूड. कोणी जरा तावात येऊन हात आपटला की कप डचमळून चहा सांडायचा. तू मला ओळखतेस. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरची तसबीर तिरपी असली तर मला घास उतरत नाही. मी बरेच दिवस सोसलं. मग एका दुपारी दुकान रिकामं असताना मालकिणीला रीतसर विचारलं, टेबल नीट करून देऊ का? ती म्हणाली, "कर बाई, तुला कोण अडवतंय." मी बुडबुड्याची लेव्हल लावली, आखूड पायाच्या मापाची रबराची चकती कापली, आणि प्रयोगशाळेत वापरतो त्या चिकटवणीने बसवली. (ती चिकटवण सुटत नाही. हे पुढे कामाला येईल.) बुडबुडा बरोबर मधोमध आला. मी थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले. फुशारकी मारायचा माझा स्वभाव नाही, पण त्यावर गोटी ठेवली असती तर ती विचार करत बसली असती.

संध्याकाळी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. भांडणात नेहमीप्रमाणे स्टेशन निघालं. सरांनी टेबलावर हात आपटला. काही झालं नाही. तिघांनी कपांकडे बघितलं. टेलरकाकांनी त्याहून जोरात आपटला. काही झालं नाही. भांडण चालूच. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त आवाज वाढलेले आणि एकमेकांचे सासरे त्यात आलेले. तिसऱ्या दिवशी टेलरकाका कप उचलून दाराजवळ जाऊन बसले, सर भिंतीकडे तोंड करून, आणि मध्ये पोस्टबाई एकट्या. त्या मला म्हणाल्या, "काय केलंस गं तू टेबलाला?"

तेव्हा मला कळलं. त्या टेबलाचा नियम असा, की बोलताना ज्याच्या हाताने चहा सांडेल तो हरला. त्याने फडकं घ्यायचं, टेबल पुसायचं, विषय त्या दिवसापुरता मिटला. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. "आता चहा सांडेना म्हणून कोणी हरेना," पोस्टबाई म्हणाल्या, "आणि कोणी हरल्याशिवाय माणसं घरी कशी जाणार?" मालकीण आतून म्हणाली, "विचारायचं तरी!" मी म्हटलं, विचारलं होतं. ती म्हणाली, "मी गॅसवाल्याशी बोलत होते!" त्या दिवसापासून तिथे माझं नाव पाचर.

खरं सांगते, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एखादी वस्तू ठरवून वाकडी करायचं शिक्षण मला कोणी दिलेलं नाही. चकती निघेना, म्हणून ती पात्याने पापुद्र्यापापुद्र्याने तासायची, आणि दर वेळी कोणीतरी हात आपटून बघायचा. त्यासाठी दोघंही टेबलाशी हवे होते. "चाचणीपुरता येतो," सर म्हणाले, "बोलणार नाही." टेलरकाकांचीही तीच अट. मग सगळं माझ्यामार्फत.

"त्यांना सांग, जोर कमी पडतोय," सर म्हणाले.

"त्यांना सांग, स्वतः आपटून बघा. शिवणकाम आहे, माझ्या हाताला किंमत आहे."

"त्यांना सांग, माझी पँट त्या किमतीच्या हातांनी शिवलेली, तरी उसवलीय."

"त्यांना सांग, पँट नाही, पोट!"

पहिल्या वेळी मी जास्त तासलं. पोस्टबाईंनी नुसता उसासा टाकला आणि चारही कप सांडले. मग बेतानं रबर वाढवलं, तर सरांचा तळवा लाल झाला तरी थेंब हलेना. अखेर जमलं. कुजबुजलं तर सांडत नाही, कोपर लागलं तर सांडत नाही. पण माणूस समोरच्याला पटवून द्यायला निघाला की सांडतं. आजवर मी केलेल्या कामांत हे सगळ्यात नाजूक.

लगेच स्टेशन निघालं. मी शांतपणे सांगितलं, मी दोन्ही रस्ते सायकलच्या चाकाने मोजलेत आणि पूल जवळचा आहे. सर खूश. टेलरकाका म्हणाले, "चाकात हवा कमी असेल." आत्या, मी निघण्याआधी स्वतः हवा तपासली होती. मी म्हटलं, "हवा कमी नव्हती!" आणि माझा हात टेबलावर आपटला.

चहा माझ्या मांडीवर आला. मग तिघं एकदम ओरडले, "हरली! पाचर हरली!" सरांनी टेलरकाकांच्या पाठीवर थाप मारली, टेलरकाकांनी ती मारू दिली, पोस्टबाईंनी मला फडकं दिलं. मी टेबल पुसलं. माझं मोजमाप बरोबर आहे, आणि मी हरले. मला बरं वाटलं. (हा शब्द मी तोलून वापरते आहे.)

पुढे एका संध्याकाळी यंत्र बिघडलं म्हणून मी प्रयोगशाळेतच अडकले. दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवते तोच मालकीण रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "काल कुठे उलथली होतीस?" तुझ्या अटीत शब्द वेगळे होते, अर्थ तोच धरावा.

तेव्हा बाबांशी बोलायचं आता तू बघ. सवडीने बोल, घाई नाही. आईला नमस्कार, शेजारणीला नको.

तुझी,
काटकोन (इथे पाचर)

ता. क. घाई आहे. कायम नोकरीच्या कागदावर मी सही करून टाकली. हरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच. बाबांना सांगायचं धैर्य माझ्यात नाही. तू सांग, आणि उभी राहून सांग. गुडघा दुखत असेल तर भिंतीला टेक, पण बसू नकोस. रंगकाम थांबवू नका, सुट्टीत मी येणारच आहे. पिवळा मात्र नको.

ता. क. २. तिथला चहा अगदी वाईट आहे. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. ३. तू इथे येऊ नकोस असं मी फोनवर म्हणाले होते ते रद्द. ये. पाचवी खुर्ची नाही, पण मालकीण आतलं स्टूल देते म्हणाली. टेबल हलतंय असं चुकूनही म्हणू नकोस. आणि तुझ्या गुडघ्यासाठी म्हणून स्टेशनवरून पुलावरूनच ये, तोच रस्ता जवळचा. टेलरकाकांनी विचारलं तर बाजारातून आले म्हण. मी हरले ना, सध्या तसंच ठरलंय.