निलगिरीचा वास

आई, काल माझं नाक जिंकलं. हो, तेच नाक, ज्याच्यावरून घाटकोपरच्या आपल्या खोलीत तू मला सगळ्या पाहुण्यांसमोर धुतलं होतंस. गणपतीचा पहिला दिवस, मोदकपात्राचं झाकण नुकतंच काढलेलं, आणि मी वाकून, डोळे मिटून वास घेतेय. "गो, देवाक दाखवच्या आधी वास घेतलंस? उष्टे झाले ते! नाक आसा की सोंड?" सगळे मोदक बाजूला ठेवून तू पुन्हा उकड काढायला बसलीस, आरती लांबली, आणि मी मोरीत जाऊन रडले. नैवेद्याचा वास घ्यायचा नसतो हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. नाक मात्र काही ऐकेना.

पुढे मी हॉटेलात लागले तेव्हा तू एकच अट घातलीस, "दारूक तोंड लावलंस तर माका तोंड दाखव नको." आता मी वाइन चाखते, पगारच त्याचा मिळतो. घाबरू नकोस गं, आम्ही घोट तोंडात घोळवतो आणि बादलीत थुंकतो. तू गेल्यावरसुद्धा, कालपर्यंत मी एक थेंब गिळला नव्हता.

काल जुहूच्या आमच्या हॉटेलात वाइन खरेदीचा प्रमुख कोण हे ठरायचं होतं. उरलो दोघंच, मी आणि माझ्या बरोबरीचा एक जुना दोस्त. समोर आमचे साहेब, आणि बाटलीला कापड गुंडाळलेलं. ती कुठली ते ओळखायचं आणि घेण्यासारखी आहे का ते सांगायचं. "पिनो न्वार. फ्रान्स, शंभर टक्के," तो म्हणाला. द्राक्ष बरोबर होतं. रंग पाणी घातलेल्या कोकमासारखा फिका, वास चेरीचा आणि ओल्या पालापाचोळ्याचा, आंबटपणा जिभेच्या कडांना झोंबणारा. म्हणजे थंडीत सावकाश पिकलेलं फळ. मीही फ्रान्सच म्हणणार होते. मग पुन्हा ग्लासात नाक खुपसलं आणि अगदी तळाशी ते सापडलं. सर्दी झाली की तू माझ्या रुमालावर टाकायचीस ते, निलगिरीचं तेल! मळ्याच्या कडेला निलगिरी असली की तिचा वास द्राक्षाला चिकटतो, आणि ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं.

"ऑस्ट्रेलिया," मी म्हटलं, "दक्षिणेकडचा थंड भाग. पिंपाच्या लाकडाचा वास जरा जास्त झालाय, पण फळ जिवंत आहे. काही वर्षं ठेवली तर झकास होईल. घ्या."

"निलगिरी? काय यार, सर्दी झालीय का तुला?" दोस्त हसला. साहेबांनी कापड काढलं. ऑस्ट्रेलिया! "वाट लागली माझी," म्हणत पहिली टाळी त्यानेच वाजवली. कसला आनंद झाला गं आई! सोंड म्हणालीस ना? त्या सोंडेनेच मला ही जागा मिळवून दिली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? घडी घालून मोदकपात्रातच ठेवते. आणि एक सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर मी त्या बाटलीतली थोडी वाइन नव्या ग्लासात ओतली. वास घेतला नाही. आधी तुला दाखवली, आणि मग तो एक घोट गिळला.