चाळणीत अडकलेले मामा

राजाजीनगर, बंगळूर
रविवार, २४ ऑक्टोबर १९९९

ती. वासुदेवमामांस,

उल्काचा साष्टांग नमस्कार. इतके महिने कागदावर एक ओळ लिहिली नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. तुमचा रक्तदाब कसा आहे? मामींच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं का? (पडलं, असं तुमच्या ऑगस्टच्या एका अंकात आहे, हे मला आता ठाऊक आहे. पण पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारते. ऑगस्टमधलं तेल मला ऑक्टोबरात का कळलं, तेच सांगायला बसले आहे.) दसऱ्याचं सोनं यासोबत पाठवते आहे. पान वाळलं असेल, भावना ताजी समजावी.

तुम्ही सांगलीत बसून सगळ्या नातेवाइकांसाठी ‘घरची खबर’ ई-मेलने काढू लागलात, तेव्हापासून आमच्या घरी शुक्रवार हा सणाचा वार झाला. यशवंतपूरच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात खबर यायची, मी ती छापून घरी आणायची, आणि आई चहा गार होऊ देऊन ऐकायची. (कागद मी घरून न्यायची. प्रिंटरची रिबन मात्र कंपनीची. त्या रिबनीबद्दल माझं मन अजून साफ नाही.) इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी वाचताना मी अडखळले की आई पुढचं वाक्य स्वतःच पुरं करी, आणि बहुतेक वेळा ते तुमच्यापेक्षा बरं असे. हे तुम्हाला सांगू नये असं वाटलं होतं, पण पत्र खरं लिहायचं ठरवलं आहे.

मग मेमधला तो फणस. परसातला फणस लहानपणी तुम्ही लावलात, असं तुम्ही लिहिलंत. आईने त्याच दिवशी मला दुरुस्ती सांगितली आणि मी ती शब्दशः धाडली: फणस नानांनी लावला, वासूने तो मूळ धरलं का बघायला दोनदा उपटला आणि दोन्हीदा मार खाल्ला. एखादा शब्द तरी मऊ करावा का, असा मी खूप विचार केला. पण दुसऱ्याच्या मजकुराला हात लावणं मला बरोबर वाटलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी खबर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आईने पहिल्या शुक्रवारी टपाल खात्याला दोष दिला. (ई-मेल टपालातून येत नाही हे मी सांगितलं. ती म्हणाली, मग खात्याने ते काम घेतलं का नाही.) दुसऱ्या शुक्रवारी तिने चहा गरमच पिऊन टाकला. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली, “वासूला खरं सोसत नाही. लहानपणापासूनच.” मी फोन लावते म्हटलं, तर “लावलास तर मला जेवायला हाक मारू नकोस,” म्हणाली. म्हणून मी तुम्हाला ई-मेल केली, की अंक का येत नाही. उत्तर नाही. पुन्हा केली, जरा कडक. तरी उत्तर नाही. तिसऱ्यांदा मी ‘निदान शिष्टाचार म्हणून तरी’ असे शब्द वापरले. मामा, ते शब्द मी मागे घेते.

दसऱ्याआधी ऑफिसात साफसफाई निघाली तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला निपाणीचा महांतेश आहे. उन्हाळ्यात नको त्या ई-मेलांचा सुळसुळाट झाला होता. टकलावर केस, घरबसल्या लाखो, परीक्षेशिवाय अमेरिकेची पदवी. (स्टोअर्समधल्या कल्लाप्पांनी ती पदवी जवळजवळ घेतली होती. फक्त विषय कोणता यावर अडलं.) साहेब चिडले, तेव्हा महांतेशने मशीनवर एक चाळणी बसवली. गाळलेला माल वेगळ्या खणात पडतो, आणि तो खण सणासुदीला उघडायचा अशी त्याची पद्धत. तो खण उघडून बसला होता आणि मोठ्याने हसत होता.

“अक्का, हे कोण वासुदेव? काय बोंबलतायत हो.”

“माझे मामा आहेत. आणि ते कधी आवाज चढवत नाहीत.”

“मग अक्षरं का चढवलीत? सगळी मोठी, कॅपिटल, एक बारकं नाही. वर पन्नास जणांचे पत्ते. खाली ‘आणखी दहा नातेवाइकांना पाठवा’. मशीनला वाटलं, कुणी लॉटरी विकतंय.”

जूनपासूनचे सगळे अंक तिथे होते, टकलावरच्या केसांच्या शेजारी. मी उभ्याउभ्याच पहिला वाचला. पहिलीच बातमी: ‘ताईची दुरुस्ती’. फणस, नाना, दोन्ही मार, काहीही न गाळता. आणि खाली तुमची सूचना, की ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय असं कळलं, म्हणून यापुढे खबर संपूर्ण मोठ्या अक्षरांत निघेल, म्हणजे तिला स्वतःला वाचता येईल. मामा, तुम्ही तिच्यासाठी अक्षरं मोठी केलीत आणि तेवढ्याचसाठी मशीनने तुम्हाला बाहेर ठेवलं. त्याखाली माझ्या प्रत्येक प्रश्नाला तुमचं उत्तर होतं, दर वेळी आधीच्याहून जास्त उद्गारचिन्हांसह, म्हणजे दर वेळी आणखी पक्कं अडकलेलं. शेवटचं सप्टेंबरातलं: ‘ज्यांना खबर नकोशी झाली आहे त्यांची नावे दुःखाने काढत आहे.’ हे एकच साध्या अक्षरांत होतं. तरी अडलंच. तोवर मशीनने तुमचा पत्ता पाठ केला होता.

महांतेश म्हणाला, “स्वल्प थांबा अक्का, सरी करतो, नीट करतो,” आणि ज्यांना कधी अडवायचं नाही अशा पत्त्यांच्या यादीत तुम्हाला घालू लागला. मीच त्याला थांबवलं. कंपनीच्या मशीनवर माझ्या मामांसाठी वेगळा नियम हे बरं दिसेना, म्हणून साहेबांना लेखी विचारलं. साहेबांनी विचारलं, मामा काय विकतात. मी लिहिलं, काही नाही. त्यांनी ‘मग हरकत नाही’ असा शेरा मारला. आता तुम्ही कितीही मोठ्या अक्षरांत लिहा. तो खणही मी आता दर सोमवारी पाहते. तिथे दुसऱ्या कुणाचे मामा पडले असतील असं उगाच वाटत राहतं.

सगळे अंक छापून आणले. (रिबन या वेळी मी घेऊन दिली.) आईने ते माझ्या हातून काढून घेतले आणि खिडकीपाशी बसून बोटाने एकेक अक्षर लावत स्वतः वाचले. ‘ताईची दुरुस्ती’ दोनदा. मग घडी करून उशाखाली ठेवले. मी म्हटलं, आता मामांना फोन लावू? ती म्हणाली, “मी मोठी आहे. आधी त्याने करायचा.” तिचं खरंच आहे, कारण तुमचं नाव तिने काढलेलं नाही, तुम्ही तिचं काढलं आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
उल्का

ता. क. : इतकं लिहून मुख्य गोष्ट राहिली. आईचं नाव यादीत परत घाला. आणि भाऊबीजेला दर वर्षीसारखे या. ती या वर्षी ओवाळणार नाही असं सगळ्यांना सांगते आहे. निरांजन मात्र घासून ठेवलं आहे. मी हे कळवलं असं तिला सांगू नये.

ता. क. दुसरा : मी इतका वेळ काय खरडते आहे असं आईने विचारलं. खोटं बोलवेना, म्हणून सगळं वाचून दाखवलं, वरचा ता. क. सुद्धा. ती म्हणाली, लिही त्याला, मार दोनदा नाही, तीनदा खाल्ला होता. दुरुस्ती छापावी. मग उद्याचं एक काम माझ्या डायरीत स्वतः सांगून लिहून घेतलं, ते तसंच उतरवते:

उद्या – माळ्यावरची वासूची गादी काढून उन्हात घालणे.