पुरेशी की अपुरी

२ नोव्हेंबर १९७०, सकाळ.
निश्चय झाला. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला बसायचे. वय बेचाळीस. वयाची अट फॉर्मवर नाही; तीनदा पाहिले. अठरा वर्षे नगरहून पुण्याच्या पेपरला बातम्या धाडल्या, आता नगरजवळच्या नागापूरच्या नव्या कारखान्यात मॅनेजर व्हायचे. फॉर्म शेजारच्या एलिया टर्नरच्या मुलीने, रोझीने आणून दिला. तीही बसणार आहे. प्रश्नांचे पुस्तक तिचे, रोज आमच्या ओट्यावर आणते. फुकट. का?

५ नोव्हेंबर.
अजब गणित. प्रश्न देतात, खाली दोन विधाने, आणि उत्तर मागतच नाहीत! एवढ्या माहितीवर उत्तर निघेल का, इतकेच सांगा म्हणे. पेपर काढणाऱ्यालाच उत्तर येत नसावे.

९ नोव्हेंबर.
प्रश्न: गोपाळ माधवपेक्षा उंच आहे काय? एक: गोपाळ केशवपेक्षा उंच. दोन: माधवही केशवपेक्षा उंच. रोझी म्हणाली, "माहिती अपुरी, काका." मी म्हणालो, गोपाळच उंच. संस्कृतात मोठ्याचे नाव आधी घेतात. ती हसत सुटली. "काका, ही बातमी नाही!"
हसण्यासारखे काय? माहिती अपुरी म्हणून अठरा वर्षांत माझी एकही बातमी अडली नाही.

२० नोव्हेंबर.
रोझी पुन्हा: "उत्तर काढत बसू नका काका, वेळ जातो. पुरतंय का बघा आणि पुढं चला." स्पर्धकाने असा सल्ला द्यावा? ठरवले: प्रत्येक उत्तर काढायचेच, वर ताळाही करायचा. बायकोला शंका सांगितली. मुक्ता म्हणाली, "पोर रोज दोन तास तुमचं ऐकून घेते. तिला चहा तरी विचारा." हीही सामील.

६ डिसेंबर, पहाटे, एस.टी. स्टँड.
पुण्याला परीक्षा. एलिया जातीने आला, रोझीची पिशवी माझ्या हाती दिली, दोनदा नमस्कार केला. यशस्वी माणसाला लोक आधीच ओळखतात.

७ डिसेंबर.
तीस प्रश्न. मी आठ सोडवले, पण ताळ्यासह. रोझीचे तीसही झाले, वीस मिनिटे आधी. कॉपी? तिच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला मी. म्हणजे माझीच.

१८ जानेवारी १९७१.
रोझीला मुंबईच्या मुलाखतीचे बोलावणे. मला चार ओळींची दिलगिरी. पाकिटे बदलली असावीत. आतले नाव मात्र माझेच आहे.

२० जानेवारी.
एलिया पेढे घेऊन आला. सरळ विचारले, पोरगी माझ्याच ओट्यावर का?
"आता काय लपवायचं, भाऊ. एकल्या पोरीला पुन्याला धाडनार न्हाई, म्हनलो हुतो मी. ती म्हनली, शेजारच्या काकांनाच परीक्षेला बसवते, मग तर झालं? तुमी लई कामाला आलात."
म्हणजे संशय खरा ठरला. आनंद होत नाही.
तो म्हणाला, "मुंबईलाबी तुमीच जा तिच्यासंगं."

३० जानेवारी.
मुलाखत परवा सकाळी दहाला. मला दाराबाहेरच्या बाकावर बसायचे आहे. कोट इस्त्रीला टाकला.