कोण कोणास म्हणाले

इंदोरा, नागपूर
१४ सप्टेंबर १९७९

प्रिय देव्या,

पुस्तकावर तुझं नाव ‘देवराव’ छापलेलं असलं तरी मी देव्याच म्हणणार. तुझं नाक मी पुसलेलं आहे. मुंबईहून आलेलं पत्र मिळालं. नवा संग्रह निघतो आहे, मायच्या शेवटच्या दिवसांचं आणखी काही आठवत असेल तर कळव, असं लिहिलंस. अकरा वर्षांत मायबद्दल पहिल्यांदा विचारलंस, आणि तेही संग्रहासाठी. राग आला. तो गिळून लिहायला बसलेली नाही, हे आधीच सांगते.

तुझी ‘चौकट’ यंदा आमच्या नववीच्या पुस्तकात आहे आणि ती शिकवायची माझ्याच नशिबी आली. मरण मायला ओढतं, माय दाराची चौकट दोन्ही हातांनी धरते आणि म्हणते, ‘मी नाही जात’. मुलींच्या अंगावर काटा येतो. नीला नावाची एक पोरगी मात्र उठून म्हणाली, “बाई, मंग ते वाचली काहून नाही?” मी तिला खाली बसवलं. कवितेतली माणसं मरणाशी झुंजतात आणि हरली तरी मोठी होतात, असं गाइडात छापलं आहे, तेवढं वाचून दाखवलं.

आता घरातलं ऐक. तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. त्या मे महिन्यात तुझं कार्ड आलं, रविवारी येतो म्हणून. माय ऊन लागू नये म्हणून पदराला कांदा बांधून भर दुपारी पायी स्टेशनवर गेली. गाडी आली, तू आला नाहीस. सोमवारीही गेली. तुझं कविसंमेलन लांबलं होतं, हे मागाहून कळलं. मंगळवारी तिला ऊन बाधलं. ताप चढला, ओकाऱ्या थांबेनात. मी रिक्षा आणली, शेजारचे नानाजी उचलायला आले. दवाखाना अर्ध्या तासावर होता, सलाईन लागलं असतं तर कदाचित वाचली असती. पण तिनं चौकट धरली ती सोडलीच नाही. बुधवारी पहाटे गेली.

तू आलास तिसऱ्या दिवशी, आणि असा रडलास की मी तुलाच थोपटत बसले. पुढे तुला बरं वाटावं म्हणून पत्रात एवढंच लिहिलं, की माय चौकट धरून म्हणत होती, ‘मी नाही जात वं’. त्यातलं ‘वं’ तू गाळलंस. ओळीच्या लयीत बसत नसेल. अरे, तू नागपूरचाच ना? वं आपण बाईमाणसाला म्हणतो. मरणाला कोण वं म्हणतं? पण तुला काय बोलू, मी तर तिचं पुढचं अख्खं वाक्यच दाबून ठेवलं. तुझी कविता त्या दाबलेल्या वाक्यावर मोठी झाली, आणि मी टाळ्या ऐकत गप्प बसले.

आज चाचणीचे बावन्न पेपर तपासले. दुसरा प्रश्न तुझ्या कवितेवर होता: ‘मी नाही जात’ असे कोण कोणास म्हणाले? एक्कावन्न जणींनी लिहिलं, असे कवीची आई मरणाला म्हणाली. नीलानं जागा कोरी ठेवली. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले, नीलालाही; पोरींचा काय दोष. पण तू विचारलंस म्हणून तुला खरं उत्तर कळवते. संग्रहात घाल, नाहीतर चुलीत घाल. रिक्षा दारात उभी असताना असे माय मला म्हणाली. आणि पुढे म्हणाली, “देव्या येईन अन् कुलूप पाहून वापस जाईन.”

तुझीच,
ताई