कप्तान परत आला, असं मी सांगितलं होतं

रविवार, ८ फेब्रुवारी

सु. चार वाजता आली. चहात साखर नको म्हणाली आणि तीन चकल्या खाल्ल्या. (हे लिहायला ती तयार नव्हती. लिहून घेतलं.) सु. म्हणजे सुमन, पलीकडच्या घरातली, रिटायर मास्तरीण. मी बोलते, ती लिहिते. स्वतःचं नाव पुरं लिहायचा तिला कंटाळा.

आजचं म्हणजे, सगळ्या जगाने तो पिक्चर बघितला, मी सोडून. आपली गलबताची मालिका होती ना, त्याच्यावर काढलाय. रविवारी सकाळी लागायची, हिंदीतून. आकाशातून जाणारं गलबत, त्याचा कप्तान, आणि खाली जमिनीवर रेडिओला कान लावून बसलेली त्याची आई. वाडीत टीव्ही एकच, आमच्या पडवीत. माझ्या मुलाच्या, दिनूच्या, वडिलांनी जहाजावरून आणलेला. सगळी पोरं पडवीत, आणि मी दारात, कोण कुणाला चिमटा काढतो ते बघायला.

आता ज्याला त्याला मत आहे. रिक्षावाला प्रकाश म्हणतो, "काकी, एक नंबर! काय ती मारामारी!" कोळंबीवाली हमीदा म्हणते, अर्धा पिक्चर झोपले, पण एसी चांगला होता. सु. म्हणते पोकळीत आवाज होत नाही, मग गलबत फुटल्याचा आवाज आला कसा? म्हटलं, तू बघितलास? तर नाही. न बघता एवढं, बघितल्यावर पुस्तकच लिहील.

आपण जाऊया म्हणाली. बघू.

मंगळवार, १०

गेलो. प्रकाशची रिक्षा, सु., मी. रत्नागिरीत थिएटरात एवढी थंडी की नवी साडी नेसल्याचा पश्चात्ताप झाला, गोधडीच गुंडाळायला हवी होती. पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं. अंगठ्याएवढे कप्तान फोनवर बघून झालेले, आता मोठा बघायला आली.

गलबत छान केलंय. आमच्या वेळी ते पत्र्याच्या डब्यासारखं दिसायचं, आणि उडताना दोरी दिसायची. आता दोरी नाही. पण आई फार चकचकीत. एवढी वर्षं मुलाची वाट बघणारी बाई, आणि नखांना रंग?

शेवट. कप्तान येत नाही. रेडिओत नुसती खरखर. आई हात पुढे करते आणि रेडिओ बंद करते. अंधार. नावं.

पुढची पोरं टाळ्या वाजवत होती, दोघंतिघं शिव्या घालत होती. सु. नाक शिंकरत होती, पोकळीतला आवाज विसरली. मी बसून राहिले.

बाहेर प्रकाश रिक्षा लावून उभा. मला बघताच म्हणाला, "काकी, बघितलात? शेवट बदललानी मेल्यांनी! कप्तान परत येतो ना? तुम्ही तर बघितलेलात!"

मी म्हटलं, चल बाबा, ऊन झालंय.

बुधवार, ११

काही नाही. सु. देवरूखला बहिणीकडे. ही एवढी ओळ दुसऱ्या दिवशी लिहून घेतली, कारण काल कुणाशीच बोलले नाही, आणि तसा दिवस वहीत रिकामा जाऊ नये.

शुक्रवार, १३

सु., हे लिही, पण मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

मालिकेचा शेवटचा भाग होता त्या रविवारी वाडीत लाईट नव्हती. मी आदल्या रात्रीच रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे गेलेली. तिथे लाईट होती. मी बघितला. पिक्चरमध्ये दाखवला तसाच होता शेवट. कप्तान आला नाही. आईने रेडिओ बंद केला. बस.

संध्याकाळच्या एसटीने उतरले तर सगळी पोरं फाट्यावर उभी. दिनू सगळ्यांत पुढे, दहा वर्षांचा. "आई, आला का गो तो?"

तेव्हा ह्याच्या वडिलांचं तीन महिने पत्र नव्हतं. पोर रोज पोस्टमनच्या मागे फाट्यापर्यंत धावायचं. मी काय सांगणार होते?

सांगितलं, आला.

पोरं म्हणाली, कसा आला? मग सांगत गेले. दार वाजलं. आईने उघडलं. आईने पेजेचं मडकं पालथं घातलं नव्हतं, म्हणून तो आला. आल्या आल्या गरम पेज प्यायला, वर सुका बांगडा भाजून.

हे मडक्याचं आमच्या घरातलं. सासूबाईंची शिस्त: घरचा माणूस दर्यावर असेपर्यंत पेजेचं मडकं धुऊन पालथं घालायचं नाही, उताणंच ठेवायचं. पालथं म्हणजे, आता येणारा कुणी नाही. पोरांना मी तेच दिलं. दिल्लीकडची हिंदी बोलणारी आई, पेज कशाला शिजवील? पण एकानेही विचारलं नाही. आमच्याकडे आई म्हटली की पेज आलीच.

सु. हसायला लागली. म्हणाली, "वहिनी, त्या वर्षी माझ्या वर्गात सहा जणांनी निबंधात कप्तानाची पेज लिहिलेली. मी मार्क दिलेले हो!"

पुढच्या महिन्यात ह्याचे वडील आले. दार वाजलं, मी उघडलं. अगदी सांगितल्यासारखं. मग ते खोटं मी परत कधी उघडलं नाही. खरंच झालेलं ना एकदा.

आता दुसरं. तेही लिही. तीन वर्षांपूर्वी दिनू पनवेलच्या फ्लॅटवर न्यायला आला होता. मी नाही म्हटलं. त्याने आवाज चढवला, मी त्याच्याहून. "मग बस एकटी," म्हणाला, आणि गेला, तिथून परत जहाजावर; वडिलांसारखा तोही दर्यावरच. मी त्याच दुपारी मडकं पालथं घातलं. वरच्या फळीवर आहे. तसंच.

सु.चं पेन थांबलं. म्हटलं, लिही. शाई सुकते.

सोमवार, १६

नातीचा फोन. रेवा, दिनूची मुलगी, पनवेलला कॉलेजात. आधी स्वतःचं मत: पिक्चर भारी, आजी, मी दोनदा बघितला, शेवटाला रडले. मग म्हणाली, पप्पांनी जहाजावरून काहीतरी लिहिलंय, मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप आहे तिथे. लोक त्यांना फार बोलतायत.

म्हटलं, वाच.

वाचलं. दिनूने लिहिलंय की पिक्चर काढणाऱ्यांनी शेवटाची माती केली. मूळ मालिकेत कप्तान घरी येतो. त्याच्या आईने पेजेचं मडकं पालथं घातलेलं नसतं. तो शेवट बघून आम्ही पोरं दर्यावर गेलो, तुम्हाला काय कळणार.

खाली लोकांनी लिहिलंय: हा कुठला भाग? आमच्याकडे सगळे भाग आहेत, असा नाहीच. एक म्हणतो, अंतराळात पेज, हा हा. एक म्हणतो, काका, जहाजावर काय प्यायलात?

त्यावर आपल्या वाडीची पोरं (पोरं कसली, प्रकाशला टक्कल पडलंय) दिनूच्या बाजूने भांडतायत. आम्हीपण बघितलाय, म्हणतायत. बघितला म्हणे. लाईट नव्हती मेल्यांनो.

रेवा म्हणाली, "पप्पांचा तिथे एक जुना बॉस पण आहे ग्रुपवर. तोही हसला. पप्पा दोन दिवस कुणाशी नीट बोलत नाहीयेत."

जहाजावर आता इंटरनेट असतं. मग आईला फोन का नसतो, ते मी विचारत नाही.

तीस वर्षं पोराने ते जपलं आणि आता त्याच्यासाठी चारचौघांत खोटा ठरतोय. खोटी मी.

गुरुवार, १९

सांगावं की नाही.

सांगितलं तर त्याला कळेल, कप्तान कधी आलाच नाही. शिवाय आईने फसवलं. आधीच बोलत नाही, त्यात ही भर. नाही सांगितलं तर लोक हसत राहणार.

सु. म्हणते सांगा. मास्तरणी दुसरं काय म्हणणार. वर म्हणते, "वहिनी, तुम्ही अक्षरं शिका, म्हणजे हे सगळं स्वतः लिहाल. मी शिकवते, महिन्यात येईल."

म्हटलं, शिकले, तर तू चार वाजता कशाला येशील?

तिने चकली घेतली.

आंब्याला मोहोर बरा आहे. दुपारी पडवीत बसले होते. जिथे टीव्ही होता तिथे आता नारळ रचून ठेवलेत. एवढ्या पोरांची जागा, वीसेक नारळ, आणि एक मांजर. मांजराला पिक्चर सांगितला. शेवटापर्यंत थांबलं नाही. त्याचंही मत झालं.

शनिवार, २१

सांगितलं.

सु.ने फोन तोंडासमोर धरला, लाल ठिपका दिसला की बोला म्हणाली. मी गळा साफ केला, तेही त्यात गेलं. बोलले ते असं:

"मी दिनूची आई बोलतेय. तुमच्यात कुणी त्याला हसू नका. तो खोटं बोलत नाही. त्याला मी सांगितलेलं. लाईट नव्हती, पोरांनी बघितलं नाही, मी बघितलेलं. कप्तान आला नाही हे मला ठाऊक होतं. मडकं त्याच्या आईचं नव्हतं, आमचं होतं. हसायचं तर मला हसा, मी म्हातारी आहे, मला चालतं. आणि पिक्चर बरा आहे. आईची नखं सोडून."

रेवाकडे पाठवलं, तिने ग्रुपवर टाकलं, आणि दिनूला वेगळंही पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे ऐकलं, एवढं मला वाचता येतं. संध्याकाळपर्यंत चारदा सु.कडून रेवाला फोन लावून घेतला. खुणा दोन, पण राखाडी.

सोमवार, २३

काय सांगू. कुणी विश्वासच ठेवत नाही.

अनोळखी लोक गोड बोलले, आजी तुमचाच शेवट चांगला, पिक्चरवाल्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं, असं. ज्याने काय प्यायलात विचारलं त्याने माफी मागितली. पण आपली वाडी! प्रकाश दारात येऊन उभा. "काकी, वय झालं तुमचं. विसरलात. मला लख्ख आठवतंय, तो पेज पितो, मिशीला लागते!"

म्हटलं, अरे मिशीचं मी सांगितलंच नव्हतं.

"बघा, म्हणजे मी बघितलंय ना!"

आता काय करायचं? एकाचं खोटं असतं तर पुसलं असतं. आता त्याला मिशा फुटल्यात.

हमीदा आली, तिला सगळं कळलेलं. म्हणाली, मी झोपलेले, मला दोन्ही शेवट चालतील. कोळंबी मापाला बरी घातलीन आज.

दिनूच्या खुणा निळ्या झाल्या. रेवा म्हणाली, काल दुपारीच झाल्या. काही लिहिलं नाही. ग्रुपवरही नाही. त्याने आपलं आधीचं लिहिलेलं पुसूनही टाकलं नाही.

ऐकलं. एवढं कळलं.

बुधवार, २५

काही नाही. गावात शिमग्याची तयारी. होळी झाली की पालखी घराघरांत येणार. दरवर्षी गावकर गाऱ्हाण्यात दिनूचं नाव घेतो, दर्यावर असलेल्याला राख म्हणून, आणि सगळे "होय महाराजा" म्हणतात. मीही म्हणते, तीन वर्षं. आत फळीवर मडकं पालथं, आणि बाहेर मी "होय महाराजा". देवाला दिसत असणार. बोलत नाही, एवढंच.

शुक्रवार, २७

दिनूचा आवाज आला.

रेवाने पाठवला. सु.ने फोन माझ्या उजव्या कानाला लावला, डावा कामाचा नाही. आधी नुसती घरघर, इंजिनची. वाटलं, पिक्चरसारखंच आहे हे, खरखर आणि संपलं. मग म्हणाला, "आई."

मग परत घरघर.

"ऐकलं मी. सगळं." मग खोकला. वडिलांसारखा खोकतो, हे लक्षातच नव्हतं माझ्या. "शिमग्याला सुट्टी मागितलीय. मिळेलच असं नाही. बदलीला माणूस आला तर."

मग नुसतं इंजिन. सु.ला वाटलं संपलं, ती फोन काढायला लागली. म्हटलं, थांब.

"मडकं कसं आहे आपलं?"

संपलं.

तीनदा ऐकलं. सु. म्हणाली, "वहिनी, लाल ठिपका लावते. सांगा, उताणं आहे म्हणून. त्याला बरं वाटेल."

म्हटलं, नको. असं बरं वाटण्यासाठी एकदा सांगून झालंय, ते अजून निस्तरतेय. आधी मागच्या पडवीतलं स्टूल आण. त्याचा एक पाय हलतो. फळी उंच आहे, माझा हात पुरतो की नाही बघू, आणि मडकं फुटलेलं नाही ना तेही.

सु. म्हणते, मी चढते. म्हटलं, चढायची नाहीस. ज्या हाताने पालथं घातलं त्याच हाताने उताणं करायचं.

तर वही ठेव आता. तू स्टूल धर. लिहिणं आणि धरणं एका वेळी व्हायचं नाही.